सुट्टीतील वर्गात इलेक्ट्रिक गिटार घडवताना

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडी पेटीत घुमून मोठा होत नाही. पोलादी तार छेडली की तिच्याखालच्या चुंबकाचे क्षेत्र तिच्या कंपाबरोबर बदलते आणि चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या अतिशय बारीक तारेत विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह अॅम्प्लिफायरपर्यंत पोचला की त्याचा आवाज होतो. चुंबक आणि गुंडाळी यांच्या या जोडीला पिकअप म्हणतात. तार चुंबकीय धातूची नसेल तर पिकअप मुका राहतो. तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार त्याच्यावर कितीही ताणून बसवली तरी अॅम्प्लिफायरमधून काहीच ऐकू येणार नाही.

शिकाऊ माणसाच्या दृष्टीने या रचनेचा मोठा फायदा आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात, पंढरपूर-मंगळवेढा परिसरात पिकणारे मोठे भोपळे मिरजेला जातात आणि तिथे त्यांचे तंबोरे व सतारी होतात. त्या वाद्यांत भोपळ्याची पोकळी आणि तबलीची जाडी यांवर सारा नाद अवलंबून असतो आणि तबली कुठे किती पातळ करायची हे हाताला कळायला वर्षे लागतात. इलेक्ट्रिक गिटारचे अंग मात्र भरीव फळीचे असू शकते. त्यात वाकवलेल्या पातळ पट्ट्या नाहीत, पोकळ पेटी नाही. त्यामुळे करवत, रंधा आणि कानस नीट धरता येणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत वाजण्याजोगे वाद्य पूर्ण करू शकते. कलाकुसरीपेक्षा मोजमापाचा काटेकोरपणा इथे अधिक लागतो.

बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार 1932 सालची. जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी अमेरिकेत ती ओतीव अॅल्युमिनियमची केली होती आणि ती मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजवायची होती. रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून आलेल्या लिओ फेंडर यांनी 1950 मध्ये भरीव लाकडी अंग आणि त्याला स्क्रूने जोडलेली मान अशी गिटार विक्रीस आणली. पुढच्या वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले. अंग वेगळे, मान वेगळी, वायरिंग वेगळे, आणि प्रत्येक भाग सुटा काढून बदलता येणारा, अशी ही रचना आहे. मान फसली तर अंग वाया जात नाही. सुट्टीतील वर्गासाठी म्हणूनच हीच रचना घ्यावी. अंगातून आरपार जाणारी किंवा डिंकाने कायमची चिकटवलेली मान पहिल्या वाद्याला घेऊ नये.

किती दिवसांत काय होऊ शकते

रोज चार तासांप्रमाणे दहा ते बारा दिवस मिळाले, तर पूर्ण गिटार होते. त्याहून कमी दिवसांत पूर्ण गिटारचे आश्वासन देणारा वर्ग बहुधा तयार मान आणून हातात देतो आणि शिकणारा फक्त जोडणी करतो. जोडणी शिकण्यातही गैर काही नाही, पण तसे आधी स्पष्ट सांगितलेले असावे. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: मान वर्गात घडणार आहे की तयार येणार आहे, लाकूड किती काळ सुकवलेले आहे आणि फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवण्याचे काम शिकवणाऱ्याने स्वतः किती वाद्यांवर केले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर तो वर्ग टाळावा. उत्तम सुतार आणि उत्तम गिटारवादक या दोघांनाही फ्रेटचे काम आपोआप येत नाही.

फक्त तीन-चार दिवस हाताशी असतील, तर 1932 च्या त्या पहिल्या गिटारचाच मार्ग धरणे शहाणपणाचे आहे. मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारला, म्हणजे आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून परिचित असलेल्या वाद्याला, उठावाचे फ्रेट लागत नाहीत. त्यांच्या जागी नुसत्या रेघा आखल्या तरी चालतात. मानेला गोलाई द्यावी लागत नाही, आतली पोलादी सळी लागत नाही. एका जाड फळीवर खुंट्या, त्यांच्याजवळचा तारांचा टेकू म्हणजे नट, दुसऱ्या टोकाचा टेकू म्हणजे ब्रिज आणि पिकअप बसवला की वाद्य तयार. त्याहूनही लहान सुरुवात हवी असेल, तर पोलादी तारेची एकतारी करून तिच्यावर हाताने गुंडाळलेला पिकअप लावता येतो. पूर्ण गिटारच्या वर्गातही पहिले दोन दिवस अशा एकतारीवर घालवले, तर पुढच्या चुका तिथेच होऊन जातात आणि महागडे लाकूड वाचते.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. वर्ग सकाळी सात ते अकरा असाच ठेवावा. दुपारी हाताला घाम येतो, डिंक लावता लावता सुकतो आणि राउटरसारख्या लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर लक्ष टिकत नाही. एका शिक्षकामागे सहा ते आठ विद्यार्थी पुरेत. राउटर एका वेळी एकानेच चालवायचा आणि शिक्षकाने शेजारी उभे राहायचे, हा नियम मोडू नये.

लाकूड

सर्वांत चांगले लाकूड बहुधा सर्वांत महाग नसते. जुने वाडे उतरवताना निघालेले सागवानी वासे आणि तुळया हा शिकाऊ कामासाठी उत्तम माल. कित्येक वर्षे छताखाली राहिल्याने तो हवेशी पुरता जुळलेला असतो. त्यात राहिलेले खिळे मात्र शोधून काढावे लागतात. लोहचुंबक फिरवला की ते सापडतात. एक खिळासुद्धा राउटरचे पाते निकामी करतो आणि उडालेला तुकडा डोळ्याला इजा करू शकतो.

अंगासाठी सागवानाखेरीज शिवण, महोगनी आणि तूण ही लाकडे योग्य ठरतात. तूण हे मिरजेच्या वाद्यकारांचे परिचयाचे लाकूड. ते महोगनीच्याच कुळातले आहे, त्यामुळे परदेशी पुस्तकांत जिथे महोगनी सांगितली आहे तिथे तूण वापरायला काही हरकत नाही. शिवण हलके असते आणि ऋतू बदलले तरी फारसे वळत नाही, म्हणून नवख्याला ते विशेष सोपे जाते. सागवान थोडे जड पडते. शिसव तर अंगासाठी घेऊच नये. पूर्ण गिटार साडेतीन ते चार किलोच्या आत राहायला हवी, नाहीतर तासभर उभे राहून वाजवताना खांदा दुखू लागतो.

शिसवाची खरी जागा फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेवर चिकटवलेल्या आणि फ्रेट बसवायच्या पट्टीवर, आहे. कठीण, जड आणि बोटांच्या घर्षणाला दाद न देणारे हे भारतीय लाकूड जगभरच्या गिटारांवर दिसते. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक बंदी आल्यावर भारतीय शिसवाची मागणी आणखी वाढली. फिंगरबोर्डला फक्त सहा मिलिमीटर जाडीची, अर्ध्या मीटरची पट्टी लागते. ती वखारीतून पावतीसह घ्यावी. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा 1964 पासून आहे, साग आणि शिसव या दोन्ही झाडांना तो लागू आहे. त्यामुळे ओळखीच्या शेतातून परवानगीशिवाय कापून आणलेला ओंडका वर्गात येऊ देऊ नये. तसेही ओले लाकूड या कामाला निरुपयोगीच.

सोलापूरच्या हवेचा आणि लाकडाचा संबंध नीट समजून घेण्यासारखा आहे. मे महिन्यात दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये ती सत्तरच्या आसपास किंवा वर जाते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. उन्हाळ्यात त्यातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येतो, पावसाळ्यात बारा-तेरापर्यंत चढतो. तंतूंच्या लांबीत यामुळे फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. फिंगरबोर्डच्या साठ मिलिमीटर रुंदीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास चढउतार होऊ शकतो. फ्रेट धातूचे असल्याने ते आहेत तेवढेच राहतात. पावसाळ्यात घडवलेल्या गिटारचे लाकूड उन्हाळ्यात आकसते, फ्रेटची टोके बाजूने बाहेर येतात आणि हाताला बोचतात. उन्हाळ्यात घडवलेल्या गिटारचे उलट होते. लाकूड पुढे फुगते आणि टोके किंचित आत राहतात, त्याचा हाताला त्रास नाही. गिटारवर्गासाठी सोलापूरचा उन्हाळा म्हणून योग्य काळ आहे. अट इतकीच की लाकूड वर्गाच्या निदान महिनाभर आधी आणून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत रचून ठेवलेले असावे. उन्हात टाकून घाईने सुकवलेली फळी टोकांना तडकते.

मान आणि फ्रेट

वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला अंगाच्या आकाराची घाई असते. आकार डोळ्यांत भरतो हे खरे, पण गिटार सुरात वाजेल की नाही हे मानेवर ठरते. उपलब्ध वेळापैकी निम्मा वेळ मान आणि फ्रेट यांवर खर्च झाला तरी तो जास्त समजू नये.

10 ते 46 मापाच्या (म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या जाडीच्या) सहा तारांचा 648 मिलिमीटर लांबीवर एकत्रित ताण सुमारे 46 किलो असतो. मान हा ताण वर्षानुवर्षे सहन करते. तिच्यासाठी गाठ नसलेले, सरळ रेषांचे लाकूड हवे आणि टोकाकडून पाहिल्यास वाढीची वलये उभी दिसायला हवीत. एकाच जाड फळीऐवजी तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून, मधल्या पट्टीची दिशा उलटी ठेवली, तर वाक येण्याचा संभव कमी होतो. सागवानात नैसर्गिक तेल असते. ते डिंकाला धरू देत नाही. त्यामुळे पृष्ठभाग रंधून लगेच, फार तर थिनरने पुसून, चिकटवावा. बाजारात सहज मिळणारा पांढरा डिंक उष्णतेत आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचा फिंगरबोर्ड त्यामुळे सुटू शकतो. मानेसाठी लाकूडकामाचा पिवळा डिंक किंवा सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी वापरावा.

फिंगरबोर्ड चिकटवण्यापूर्वी मानेच्या मध्यरेषेत सुमारे 6 मिलिमीटर रुंद आणि 9 ते 10 मिलिमीटर खोल खाच पाडून तिच्यात ट्रस रॉड, म्हणजे दोन्ही बाजूंना पिळता येणारी पोलादी सळी, बसवतात. तारांच्या ताणाने मान वाकली की ही सळी पिळून ती सरळ करता येते. पहिल्या फ्रेटपाशी मानेची एकूण जाडी 21 मिलिमीटर धरली, तर 6 मिलिमीटर फिंगरबोर्डचे आणि 15 मानेच्या लाकडाचे. त्यातून खाच वजा केली की सळीच्या मागे जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लाकूड उरते. मागची गोलाई घासताना हात वाहवला तर सळी उघडी पडते. म्हणून दर थोड्या वेळाने कॅलिपरने जाडी मोजत राहावी.

आता फ्रेट. सतारीचे पडदे तातीने बांधलेले असतात आणि वादक ते रागाप्रमाणे सरकवून घेतो. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकून कायमचे बसतात. एखादा चुकला तर प्रत्येक गाण्यात तो स्वर चुकतच राहतो. त्यांच्या जागा गणिताने मिळतात. नटपासून ब्रिजपर्यंतच्या लांबीला 17.817 ने भागले की नटपासून पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की पहिल्यापासून दुसऱ्याचे, आणि असेच पुढे. 648 मिलिमीटर लांबी घेतल्यास पहिला फ्रेट नटपासून 36.37 वर, दुसरा 70.70 वर, तिसरा 103.10 वर, पाचवा 162.55 वर, सातवा 215.51 वर आणि बारावा बरोबर मध्यावर, 324 वर येतो. बारावा मध्यावर आला नाही तर हिशेबात चूक आहे असे समजावे.

गणितापेक्षा आखणीत जास्त चुका होतात. एका फ्रेटपासून पुढच्याचे अंतर मोजत गेल्यास प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्या चुकीत मिळते आणि विसाव्या फ्रेटपर्यंत ती कानाला कळण्याइतकी वाढते. सर्व मापे नटच्या कडेपासूनच घ्यावीत. पोलादी पट्टी एकदा चिकटपट्टीने घट्ट बसवावी आणि ती न हलवता सर्व खुणा कराव्यात. खूण पेन्सिलने करू नये, तिची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते. धारदार चाकूने, गुण्या लावून, एकाच ओढीत चरा पाडावा. खाचांसाठी 0.6 मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा चर पाडणारी, फ्रेटच्या कामाचीच बारीक करवत हवी. नेहमीच्या करवतीने पाडलेली खाच रुंद होते आणि फ्रेट सैल बसतो. खाच सुमारे तीन मिलिमीटर खोल असावी. त्याहून खोल गेल्यास फिंगरबोर्ड दुबळा होतो.

फिंगरबोर्डच्या वरच्या पृष्ठभागाला थोडी गोलाई लागते. सुमारे 305 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई नवख्याला सोयीची. त्या मापाच्या लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून लांबीच्या दिशेने घासल्यास ती सारखी येते. फ्रेटची तार या गोलाईपेक्षा थोडी अधिक वाकवून घ्यावी, म्हणजे तिची टोके लाकडात घट्ट धरतात. प्लॅस्टिक तोंडाच्या हातोडीने आधी दोन्ही टोके आणि मग मध्य ठोकावा.

सगळे फ्रेट बसले की काम संपले असे वाटते, पण ते एका उंचीत आलेले नसतात. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करने काळी रेघ ओढावी आणि अगदी सरळ धातूच्या पट्टीला बारीक पॉलिश पेपर लावून सर्वांवरून हलक्या हाताने फिरवावी. जिथली रेघ पुसली तो फ्रेट उंच, जिथली राहिली तो खोल. सर्व रेघांवर थोडी थोडी घासल्याची खूण दिसेपर्यंत हे चालू ठेवावे, त्याहून पुढे जाऊ नये. सपाट झालेले माथे मग खोबणीच्या कानशीने पुन्हा गोल करावेत. या एका दिवसाची घाई केली, तर तार खुरखुरते आणि दोष पिकअपचा आहे की मानेचा हे पुढे कोणालाच कळत नाही.

अंग

अंगाची फळी साधारण 45 मिलिमीटर जाड असते. दोन फळ्या कडेला कड जोडून पुरेशी रुंदी मिळवता येते. फळी अजून चौकोनी असतानाच तिची मध्यरेषा आखावी आणि त्या रेषेवर मानेची खोबण पाडावी, कारण आकार कापल्यावर सरळ कड उरत नाही आणि गुण्या लावायला जागा राहत नाही. खोबण सुमारे 56 मिलिमीटर रुंद, 76 लांब आणि 16 खोल. मान तिच्यात हाताने दाबून बसावी आणि गिटार उलटी केली तरी पडू नये, इतकी घट्ट हवी. राउटरने एका फेरीत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नये.

ब्रिजची जागा कागदावरच्या नकाशावरून ठरवू नये. मान चार स्क्रूंनी जोडून घ्यावी, नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणावेत आणि दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर येतील तिथे ब्रिज ठेवावा. मानेत एखाद्या मिलिमीटरचा तिरपेपणा राहिला असेल तर तो इथे सावरून घेता येतो. सर्वांत पातळ तारेचा आधार नटपासून 648 मिलिमीटरवर, पण मागे सरकायला जागा ठेवून बसवावा. जाड तारांचे आधार त्याच्या दोन-तीन मिलिमीटर मागे येतात, कारण जाड तार दाबली की स्वर थोडा चढतो. स्क्रूची भोके आधी पाडून, स्क्रूला साबण लावून मगच ते पिळावेत. सुक्या सागवानात कोरडा स्क्रू तुटतो.

शिसवाच्या आणि सागवानाच्या भुशाने अनेकांना खाज सुटते, श्वासाला त्रास होतो. मास्क आणि चष्मा आधीपासूनच असावेत. यंत्राजवळ ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस नकोत. फिरत्या यंत्रावर हातमोजेही घालू नयेत. ते पात्यात अडकतात आणि हात ओढला जातो.

पिकअप आणि वायरिंग

पहिल्या गिटारला पिकअप विकत घ्यावा, पण एक पिकअप गुंडाळून पाहिल्याशिवाय वर्ग सोडू नये. साध्या एकेरी पिकअपवर 42 गेजची, म्हणजे सुमारे 0.063 मिलिमीटर जाडीची, इनॅमलचा थर दिलेली तांब्याची तार सात ते आठ हजार वेढे गुंडाळतात. तार केसाएवढी बारीक असल्याने जरा ओढ जास्त झाली की तुटते. सोलापुरात यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर आहेत. त्यांची तार बरीच जाड असते, पण बोटांच्या चिमटीतून सारखा ताण ठेवण्याचा त्यांचा हात पाहणे कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. वर्गाने एखाद्या सकाळी अशा कारागिरास सन्मानाने बोलवावे आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा.

एकेरी पिकअप घरातील वीजवाहिन्यांची गुणगुणही पकडतो. शेजारी उलट दिशेची दुसरी गुंडाळी आणि उलटा चुंबक ठेवला तर गुणगुण एकमेकींना छेदते आणि तारेचा आवाज दुप्पट होतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये अशी रचना केली आणि तिला हमबकर म्हणतात. एकेरी पिकअपला 250 किलोओहमचे आणि हमबकरला 500 किलोओहमचे पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करण्याची बटणे, लावण्याची रीत आहे. टोनसाठी पहिल्याला 0.047 आणि दुसऱ्याला 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालतात. वायरिंगची खोबण आतून तांब्याच्या चिकटपट्टीने मढवावी आणि ती, पॉटची पाठ आणि ब्रिज हे सर्व एका तारेने जमिनीला, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या टोकाला, जोडावे.

ब्रिज जमिनीला जोडलेला असल्याने वादकाचे बोट सतत त्या वाहिनीला लागलेले असते. अॅम्प्लिफायर सदोष असेल आणि घरातले अर्थिंग तुटलेले असेल, तर त्यातून गंभीर धक्का बसू शकतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालण्याचा प्रकार वर्गात आणि घरी पूर्ण बंद असावा. पहिल्यांदा गिटार लावण्यापूर्वी वर्गाच्या जागेतले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

पॉलिश

दहा-बारा दिवसांच्या वर्गात चकाकणारा जाड रंग देण्याचा मोह आवरावा. असा रंग पुरता घट्ट व्हायला आठवडे लागतात आणि मे महिन्यातली धूळ त्याच्यावर बसते. चपड्याचे स्पिरिट पॉलिश किंवा उकळवलेले जवसाचे तेल, पातळ थरांनी चोळून, पुरते. फिंगरबोर्डवर असे थर देऊ नयेत, तेलाचा एक हलका हात बस. तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळ्यातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा धोका अधिक. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा एकेक पसरून बाहेर वाळवावीत.

सुरात आणणे

तारा चढवून वाद्य एक रात्र तसेच ठेवावे, म्हणजे मान ताणाशी जुळते. सकाळी पातळ तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहावी. ती सुमारे 0.2 मिलिमीटर असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव वेढा घट्ट करावा, अजिबात नसेल तर सैल करावा आणि पुन्हा तपासावे. त्यानंतर नटच्या खाचा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर कागदाच्या जाडीइतकीच मोकळीक राहील, इतकी खाच खोल करावी. मग ब्रिजची उंची. बाराव्या फ्रेटपाशी पातळ तारेखाली 1.6 आणि जाड तारेखाली 2 मिलिमीटर हे सुरुवातीला चांगले माप. शेवटी बाराव्या फ्रेटवर तार दाबून आणि नुसती स्पर्शून निघणारे दोन स्वर ट्यूनरवर जुळवावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर आधार मागे, उतरता असेल तर पुढे सरकवावा. हा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे माप बदलते.

नटची खाच घासताना मिरजेचे काम आठवावे. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी लावताना कारागीर पृष्ठभाग इतका सूक्ष्म उतरता करतो की तार त्याला घासत राहते आणि त्या घासण्यातूनच झंकार उमटतो. गिटारला नेमके उलट हवे. खाचेचा तळ खुंट्यांकडे उतरता ठेवून तार फिंगरबोर्डच्या बाजूच्या कडेवर एकाच बिंदूत सुटली पाहिजे. खाच सपाट राहिली तर गिटारमध्येही झंकारासारखी खुरखुर येते, आणि तिथे तो दोष ठरतो. हातातली कानस आणि कानावरचा विश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो.

वर्गाच्या मध्यावर एक दिवस मिरजेसाठी ठेवण्यासारखा आहे. सोलापूरहून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे तिथे रेल्वेने जाता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तिथे तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली. शस्त्रांना धार लावणाऱ्या हातांनी वाद्ये घडवायला घेतली आणि त्यांची परंपरा आजही सतारमेकर या आडनावाने चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारखान्यांत पाहण्यासारखे म्हणजे लाकडाची रचणी, जवारी लावण्याची पद्धत आणि एकच कानस वर्षानुवर्षे सांभाळणारे हात. कारागीर कामात असतात, त्यामुळे आधी विचारून, थोड्यांनी जावे.

गिटार घरी नेल्यावर पहिला पाऊस ही तिची खरी परीक्षा. ओलाव्याने मान किंचित हलते, तारांची उंची बदलते आणि उन्हाळ्यात स्वच्छ वाजणारा एखादा फ्रेट खुरखुरू लागतो. यात वाद्य बिघडलेले नसते. ट्रस रॉड पाव वेढा फिरवून आणि वरच्या क्रमाने सर्व मापे पुन्हा पाहून ते जागेवर येते. वर्ग संपताना प्रत्येकाने आपल्या गिटारची फट, नटची खोली आणि बाराव्या फ्रेटवरची उंची वहीत लिहून घ्यावी, म्हणजे पावसाळ्यात काय बदलले हे कळते. वर्ग भरवणाऱ्यांनी ऑगस्टमधला एक रविवार याच कामासाठी आधीच ठरवावा आणि त्याची तारीख प्रवेश अर्जावर छापावी.